कोड ३ : घर बंद

टॅबवर प्रत्येक घराच्या फॉर्मचा पहिला प्रश्न एकच असायचा : भेटीचा निकाल काय? खाली पाच पर्याय. १ मुलाखत पूर्ण, २ मुलाखत अर्धवट, ३ घर बंद, ४ नकार, ५ इतर. तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन तिन्ही वेळा ३ दाबलं की ते घर यादीत करडं व्हायचं आणि पुन्हा उघडायचं नाही. खरं सांगायचं तर मला ते करडं होणं आवडायचं. दिवसभर चढउतार करत पाडे फिरताना यादी थोडी आखूड झाल्याचं समाधान मिळायचं.

मी तेव्हा २४ वर्षांची होते. एमएसडब्ल्यू संपवून लागलेली पहिली नोकरी. पालघर जिल्ह्यातल्या एका आदिवासी तालुक्यात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी घरभेटींचा कार्यक्रम चालू होता. तो चालवणारी संस्था वेगळी आणि त्याचं मूल्यमापन करणारी वेगळी. मी या दुसऱ्या संस्थेत होते. चिठ्ठ्या टाकून पाड्यांचे दोन गट केले होते. एका गटातल्या आशाताईंना जादा प्रशिक्षण दिलेलं. त्या दर पंधरा दिवसांनी घरी जाऊन आईला बाळाशी कसं बोलायचं, काय आणि किती वेळा भरवायचं, घरातल्याच वस्तूंची खेळणी कशी करायची हे दाखवायच्या. दुसऱ्या गटात नेहमीची सरकारी सेवा. दोन्हीकडच्या बाळांची उंची, वजन आणि विकास आम्ही सुरुवातीला मोजला आणि सोळा महिन्यांनी पुन्हा मोजायचा होता. दोन गटांत फरक पडला का, एवढंच सांगायचं.

नेहमीची सेवा म्हणजे काय, हे शहरातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा त्या घरी सहा वेळा जाते : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. वजन, ताप, नाळ, दूध पिणं, श्वास हे सगळं बघायचं, फॉर्म भरायचा. पुढे बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दर तीन महिन्यांनी आणखी पाच भेटी. भेटींचा मोबदला तुटपुंजा आणि तोही फॉर्म पूर्ण झाल्यावर.

ही पद्धत महाराष्ट्रातूनच देशभर गेली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत १९९३ पासून जो प्रयोग केला, त्यात ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं होतं. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच सेवा ठेवली आणि तुलना केली. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. दुसऱ्या गावांत तो जवळपास होता तिथंच राहिला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. आमच्या प्रशिक्षणातला पहिला तास याच्यावरच होता. सर म्हणाले होते, "यातला उपचाराचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मोजणीचा भाग कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायची आणि घरोघर फिरून ती नोंद ताडून बघायची व्यवस्था नसती, तर मृत्युदर कमी झाला हे कुणी कशाच्या आधारावर म्हटलं असतं?"

मी ते वहीत लिहून घेतलं होतं. दोन रेघा मारून.

दुसऱ्या मोजणीसाठी आम्ही जानेवारीत गेलो. एका पाड्यावर माझ्या यादीत चौदा घरं होती. पहिल्या दिवशी पाच उघडी सापडली. बाकीच्या घरांना 'बंद' तरी कसं म्हणायचं? कुलूप एकालाही नव्हतं. कुडाच्या दारांना सुतळी बांधलेली. एका अंगणात पालथी घातलेली पाटी, दुसऱ्या दारासमोर बोराटीची फांदी आडवी टाकलेली, जनावरं शिरू नयेत म्हणून.

"दिवाळी झाली की गेले वीटभट्टीवर," आशाताई म्हणाल्या. "होळीला येतील. दोन-चार दिवस. मग परत जातील ते पावसाच्या तोंडावरच येतील."

मी ३ दाबलं. नऊ वेळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन नऊ वेळा.

तिसऱ्या दिवशी मी गेले नाही. तो पाडा रस्त्यापासून तासभर चढणीवर होता, दुपारची एसटी चुकली असती तर मुक्काम पडला असता, आणि सुतळ्या सुटलेल्या नसणार हे मला माहीत होतं. आशाताईंच्या ओट्यावर बसून, त्यांनी दिलेला कोरा चहा पीत, मी नऊ फॉर्म उघडले आणि तिसऱ्यांदा ३ दाबलं. नऊ घरं करडी झाली. आशाताई समोर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बघितलं, बोलल्या काही नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कामाचा एक भाग आशांच्या नोंदींची उलटतपासणी करणं हा होता. रजिस्टरमध्ये भेट झाली असं लिहिलंय, ती खरंच झाली का? आईला विचारायचं, आशा शेवटची कधी आली, किती वेळ बसली, काय दाखवलं. घरभेटींच्या कुठल्याही कार्यक्रमात हे विचारावंच लागतं. कार्यक्रम फसला असं दिसलं, तर मुळात भेटीच झाल्या नाहीत की भेटी होऊनही उपयोग झाला नाही, हे वेगळं करता आलं पाहिजे. प्रशिक्षणात आम्हाला खोटी नोंद ओळखायच्या युक्त्या शिकवल्या होत्या. सगळ्या भेटींची वेळ सारखीच, सगळ्या बाळांचं वजन शंभराच्या पटीत, एकाच पेनानं एका बैठकीत भरलेली पानं. त्या दुपारी ओट्यावर बसून मी जे केलं ते या यादीत चपखल बसणारं होतं.

एसटीची वाट बघताना आशाताईंनी त्यांची वही दाखवली. सरकारी रजिस्टर नव्हे, साधी दोनशेपानी. तिच्या शेवटच्या पानांवर घरांची नावं आणि पुढे ठिकाणं. हे भिवंडीकडे. हे वसईकडे. हे कल्याणच्या पुढे, अमक्या शेठच्या भट्टीवर, मुकादमाचा फोन नंबर. कुणाला सातवा महिना, कुणाच्या पोराचा डोस राहिलाय. आठवड्यातून एकदा त्या फोन लावायच्या. स्वतःच्या बॅलन्सवर.

"ताई, हे रजिस्टरमध्ये का नाही लिहीत?"

"फोन म्हणजे भेट नाही ना, मॅडम. भेट म्हणजे घरी जाऊन. घरी तर कुणी नाही."

मी त्या पानाचा फोटो काढायला मागितला, तर त्यांनी वही मिटली. ते बरोबरच होतं. मग माझ्या राहण्याच्या ठिकाणाबद्दल त्यांनी विचारलं. मी कल्याण म्हटल्यावर त्यांनी वही परत उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. त्या बाळाला मी ओळखत होते. पहिल्या मोजणीत ते चार महिन्यांचं होतं. उंची मोजायच्या फळीवर झोपवल्यावर त्यानं माझ्या मनगटावर शू केली होती आणि त्याची आई इतकी हसली होती की तिची मुलाखत आम्हाला पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू करावी लागली. वजन तेव्हा वयाच्या मानानं चांगलं होतं.

माझ्या घरापासून ती भट्टी रिक्षानं अर्ध्या तासावर होती.

मी रविवारी गेले. टॅब घेतला नव्हता. सुट्टीच्या दिवशी, यादीबाहेर, परवानगीशिवाय मुलाखत घेणं नियमात बसलं नसतं. पर्समध्ये दंडाचा घेर मोजायची पट्टी तेवढी होती, ती कायमच असायची. कच्च्या विटा रचून केलेल्या, वर प्लास्टिक टाकलेल्या खोपी. त्यांच्यामधून चालताना मला पहिल्यांदा कळलं की घरभेट हा शब्द आपण किती सहज वापरतो.

"तू कशी आली इथं?" ती म्हणाली. त्या भागात 'अहो-जाहो' नसतं, सगळ्यांना 'तू'. मग लगेच, "वजन घ्यायला?"

बाळ तिच्या सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर होतं. वीस महिन्यांचं, पण बघून बारा-तेरा महिन्यांचं वाटावं असं. त्याच्या हातात पाण्याच्या बाटलीत खडे घालून केलेला खुळखुळा होता. बाटलीच्या तोंडाला कापड घट्ट बांधलेलं, खडे बाहेर येऊन घशात जाऊ नयेत म्हणून. हे आमच्या फॉर्ममध्ये होतं : आईने घरगुती खेळणं केलं आहे का? ते सुरक्षित आहे का? कार्यक्रमात आशाताईंनी शिकवलेलं ती विसरली नव्हती. इकडे येताना ते बरोबर घेऊन आली होती.

मी पट्टी लावली. पाच वर्षांखालच्या आणि सहा महिन्यांवरच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. पट्टीवर तो भाग लाल असतो. त्याचा दंड लाल भागात आला. मी पुन्हा लावली. पुन्हा लाल.

तिचा दिवस रात्री दोनला सुरू व्हायचा. नवरा चिखल करणार, ती साच्यातून विटा पाडणार. हजार विटांमागे जोडीला पैसे, ते हंगामाच्या शेवटी उचल वजा करून. आठवड्याला खावटी मिळायची, त्यात तांदूळ, तेल, मिरची, बटाटे. "चार वेळा भरव सांगितलेलं आहे ना," ती म्हणाली, जणू मी परीक्षा घ्यायला आले होते. "दोनदाच होतं. सकाळी उठतो तेव्हा मी मातीत असते."

यावर माझ्याकडे सल्ला नव्हता. तिला काय करायचं ते ठाऊक होतं.

मी आशाताईंना फोन केला. त्यांनी जवळची अंगणवाडी शोधायला सांगितली. ती पाऊण किलोमीटरवर होती. सोमवारी रजा टाकून मी पुन्हा गेले. तिथल्या सेविका म्हणाल्या, "यांची नावं माझ्या यादीत नाहीत," आणि मी तोंड उघडायच्या आत, "पण आणा त्याला." त्यांनी वजन केलं, आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टरांनी पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायला सांगितलं. तिथे आईनं बाळाबरोबर दोनेक आठवडे राहायचं असतं. ती नाही म्हणाली. जोडीतली एक उठली की विटा थांबतात आणि उचल अंगावर राहते. बराच वेळ बोलून एवढंच ठरलं की मोठी मुलगी रोज अंगणवाडीतून आहार नेईल आणि सेविका आठवड्यातून एकदा घरी परतताना भट्टीवर डोकावतील. त्यासाठी एका सात वर्षांच्या मुलीचं रोजचं एक काम वाढलं, हेही मी लिहून ठेवते. शाळा तिची आधीच सुटलेली होती.

आठवड्यानं मी सरांना सगळं सांगितलं. ओट्यावर बसून दाबलेल्या नऊ तिनांसकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे लिहून दे." मी लिहून दिलं. नोकरी गेली नाही, पण सगळ्या टीमच्या तिसऱ्या भेटी पुन्हा तपासल्या गेल्या आणि त्यानंतर महिनाभर माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

मला खरं त्या स्थलांतरित घरांबद्दल बोलायचं होतं. सरांनी लॅपटॉपवर तक्ता उघडला. कार्यक्रमाच्या गटातून गळालेली घरं आणि दुसऱ्या गटातून गळालेली घरं, दोन्हींचं प्रमाण जवळपास सारखं होतं. "म्हणजे तुलना बिघडत नाही," ते म्हणाले. "एका गटातून जास्त गेली असती तर काळजी होती."

हे गणित खरं आहे. दोन्ही बाजूंनी सारखीच माणसं गळाली, तर उरलेल्यांची तुलना योग्य राहते. पण ती उरलेल्यांचीच तुलना असते. जी कुटुंबं दिवाळीनंतरही गावात राहू शकतात, ज्यांच्याकडे थोडीफार जमीन आहे, दुसऱ्या पिकाला पाणी आहे किंवा घरात कुणाला पगार आहे, त्यांच्या बाळांना घरभेटींचा उपयोग झाला की नाही, एवढं आम्हाला सांगता येणार होतं. कार्यक्रमाच्या प्रस्तावात पहिल्याच पानावर 'अतिवंचित कुटुंबे' असं लिहिलेलं होतं. ती कुटुंबं करडी झाली होती.

मी त्या दिवसांत खूप वाचलं. इंग्लंडमध्ये पहिलटकर किशोरवयीन आयांकडे खास प्रशिक्षित नर्स नियमित जायच्या. अमेरिकेत गाजलेला कार्यक्रम. तिथे १,६०० वर मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, आणि जे मुख्य परिणाम मोजायचे ठरले होते त्यांत फरक दिसला नाही. मुख्य परिणाम म्हणजे गरोदरपणातलं धूम्रपान, बाळाचं जन्मवजन, दोन वर्षांच्या आत दुसरं गरोदरपण, तातडीच्या उपचारांसाठी बाळाला दवाखान्यात न्यावं लागणं. पण तिथे नेहमीच्या सेवेतही प्रत्येक बाळाच्या घरी हेल्थ व्हिजिटर जातेच. आधीच कुणीतरी येत असलेल्या घरी आणखी कुणी आलं, तर फरक थोडाच पडणार. गडचिरोलीत मोठा फरक दिसला, त्याचं एक कारण मला असं वाटतं की त्या घरांत नवजात बाळासाठी आधी कुणीच जात नव्हतं. म्हणजे कुणीच पोचत नाही अशा ठिकाणी घरभेट सर्वांत जास्त उपयोगी पडू शकते. आणि नेमकं तिथंच आमचं मोजमाप पोचलं नव्हतं.

दुसरं वाचलं ते जमैकाबद्दल. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली खुंटलेल्या वाढीची १२९ मुलं निवडली होती. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जायची, आईला आणि बाळाला घरगुती खेळण्यांनी खेळायला शिकवायची. वीस वर्षांनी संशोधकांनी त्या मुलांना पुन्हा शोधलं तेव्हा भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. माझं लक्ष दुसऱ्या आकड्यानं वेधून घेतलं. अभ्यास पूर्ण केलेल्या १२७ मुलांपैकी १०५ जण त्यांना वीस वर्षांनी सापडले होते. देश सोडून गेलेल्यांनाही त्यांनी शोधून काढलं होतं. कारण उघड होतं. परदेशी गेलेले बहुधा जास्त कमावणारे असणार, त्यांना वगळलं तर उत्तर चुकणार.

म्हणजे चांगल्या कमाईसाठी गेलेल्यांना वगळलं तर उत्तर चुकतं. मग पोट भरायला भट्टीवर गेलेल्यांना वगळल्यावर ते बरोबर कसं राहील? मी हे सरांना विचारलं. आवाज चढला असावा माझा. सर म्हणाले, "राहत नाही. पण आपल्याला मार्चअखेर अहवाल द्यायचाय."

मार्चअखेर. म्हणून मोजणी जानेवारीत. आणि तेव्हा मला पहिली बैठक आठवली, दीड वर्षापूर्वीची. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सगळ्या आशा बसल्या होत्या, आम्ही वेळापत्रक वाचून दाखवत होतो आणि याच आशाताई म्हणाल्या होत्या, "जानेवारीत नका येऊ. होळीला या, सगळे असतात." कुणीतरी मान हलवली होती. मीही तिथे होते. ते इतिवृत्तात आलं नाही. इतिवृत्त मीच लिहिलं होतं.

सरांनी जे हातात होतं ते केलं. अहवालात एक परिच्छेद घातला : स्थलांतर केलेली कुटुंबं विश्लेषणात नाहीत, त्यामुळे निष्कर्ष त्यांना लागू करू नयेत. पुढच्या फेरीचं वेळापत्रक होळी आणि जून असं बदलायची शिफारस केली. टॅबच्या यादीत एक कोड वाढला : ६ स्थलांतर, आणि त्यापुढे 'कुठे' असं लिहायला जागा. आशांच्या फोनना भेट म्हणून धरावं का, यावर पुष्कळ चर्चा झाली आणि ठरलं काहीच नाही. कार्यक्रमाचा निकाल चांगला आला. राहिलेल्या मुलांच्या विकासात थोडा, पण खरा फरक दिसला. मला त्याचा आनंद झाला. त्या पाच उघड्या घरांतल्या आयांनी मेहनत घेतली होती, आशाताईंनी घेतली होती. तो निकाल खोटा नाही. त्यात कोण आहे आणि कोण नाही, एवढंच वाचताना लक्षात ठेवायला हवं.

महाराष्ट्रात हे नवीन नाही. या शतकाच्या सुरुवातीला 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला, तेव्हाही मुद्दा हाच होता की बालमृत्यू मोठ्या संख्येनं होतात आणि सरकारी नोंदीत उतरतच नाहीत. तेव्हा मृत्यू मोजणीतून सुटत होते. आमच्या मोजणीतून जिवंत मुलं सुटली.

होळीला मी सुट्टी घेऊन त्या पाड्यावर गेले. सुतळ्या सुटल्या होत्या. सगळीकडे माणसं, ढोल, नवीन कपडे. ती अंगणात सारवत होती. बाळ ओट्याला धरून उभं होतं. मी पट्टी काढली. पिवळ्यात आलं होतं, लालच्या अगदी जवळ, पण पिवळ्यात.

आशाताई त्यांची खरी वही घेऊन आल्या होत्या. त्या चार दिवसांत त्यांना नऊच्या नऊ घरं करायची होती. डोस, वजनं, गरोदर बायकांची तपासणी, सगळं. नंतर पुन्हा ती माणसं भट्टीवर जाणार होती. त्यांनी वजनकाट्याची झोळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मॅडम, आलाच आहात तर धरा. पलीकडचं घर आधी घेऊ, ते उद्याच निघणार आहेत."